गच्चीवरची सामूहिक भाजीबाग: आधी वजन, मग पाचोळा, मग बियाणं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली ४४ सदनिकांची, पंचवीसेक वर्षं जुनी सोसायटी. गच्ची सुमारे ३,००० चौरस फूट, त्यात टाक्या आणि सोलर हीटर. दहा-बारा कुटुंबांना मिळून भाजीबाग करायची आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ट्रकभर माती मागवून विटांचे वाफे बांधायचे, असा बेत. वरच्या मजल्यावरच्या घरांना गळतीची धास्ती आहे. गच्चीला वजन पेलेल का, माती कोणती, काय लावायचं आणि पिकलेलं ४४ घरांत वाटायचं कसं?

उत्तर: बाग नक्की करा, पण बेतातल्या तीन गोष्टी काढून टाका. ट्रकभर माती, विटा आणि जून. गच्चीवरच्या बागा फसतात त्या बहुतेक याच तीन कारणांनी. तुमच्या बागेची सुरुवात जानेवारीत, रस्त्याकडेच्या झाडांची पानं गळायला लागतात तेव्हा होते. पहिली भाजी पेरायची ती थेट सप्टेंबरात. मधले आठ महिने रिकामे नाहीत, त्यातच निम्मं काम आहे.

वजनाचा हिशेब

ओल्या मातीचं वजन घनमीटरला १,६०० ते १,९०० किलो भरतं. म्हणजे एक फूट जाडीचा मातीचा वाफा दर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातो. आयएस ८७५ (भाग २) या भारतीय मानकानुसार, जिथे माणसांची जा-ये असते अशा गच्चीसाठी १.५ किलोन्यूटन म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो इतका जादा भार धरून स्लॅब आखतात. जा-ये नसलेल्या छपराला याच्या निम्मा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ट्रकभर मातीचा विषय संपतो.

जुन्या इमारतीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. गच्ची गळायला लागली की कंत्राटदार जुना कोबा न फोडता त्याच्यावरच नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो. चार इंच जादा कोबा म्हणजे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वजन, आणि ते कायमचं. तुमच्या वाट्याची सवलत तिथेच वापरली गेलेली असू शकते. ओळखायचं कसं? जिन्याच्या दाराचा उंबरा गच्चीच्या फरशीशी जवळजवळ समपातळीत आला असेल, कठडा मूळ नकाशातल्यापेक्षा बुटका वाटत असेल, पाणी जायची तोंडं खड्ड्यात गेल्यासारखी दिसत असतील, तर दुसरा थर आहे असं समजा.

म्हणून पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याला इमारतीचे आरसीसी नकाशे दाखवा आणि तीन गोष्टी लेखी घ्या: स्लॅबवर चौरस मीटरला किती जादा भार चालेल, बीम आणि कॉलम नेमके कुठून जातात, आणि टाक्यांच्या आजूबाजूला काही ठेवायचं की नाही. बीमच्या रेषा गच्चीवर ऑइलपेंटने आखून घ्या. वाफे त्या रेषांवर, मधल्या मोकळ्या स्लॅबवर चालायची वाट. इंजिनिअरने नाही म्हटलं तर ती बाग गच्चीवर करू नका. आवारात, कुंपणाच्या कडेने, पार्किंगच्या शेडभोवती जी काही जागा असेल तिथे करा. या बाबतीत मध्यम मार्ग नसतो.

आता विटा. ८ × ३ फुटांच्या वाफ्याला विटा उभ्या ठेवून दोन थर रचले तर साठेक विटा लागतात. वीट तीन किलोची धरा, म्हणजे नुसत्या भिंतीचंच वजन १८० किलो. तेवढ्या वजनात अर्ध्याहून जास्त वाफा भरून होतो. त्याऐवजी एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकचे शिवलेले ग्रो बेड, म्हणजे तयार वाफे घ्या, जाड विणीचे, उन्हात टिकणारे. पातळ निळी ताडपत्री दोन उन्हाळ्यांत चुरा होऊन पडते.

गळती: बागेआधीची आणि बागेनंतरची

वाफे ठेवण्याआधी पाणी साठवून चाचणी करा. पाणी जायची तोंडं वाळूच्या पिशव्यांनी बंद करायची, गच्चीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी ४८ तास ठेवायचं आणि वरच्या मजल्यावरची सगळी छतं पाहायची, फोटो काढायचे. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, बाग पुढच्या वर्षी. हे फोटो जपून ठेवा. एकदा बाग झाली की पुढची दहा वर्षं प्रत्येक ओलीचा आळ तिच्यावर येणार आहे. वरच्या मजल्यावरच्या लोकांची धास्ती रास्त आहे, तिला चाचणीनेच उत्तर द्या. सर्वसाधारण सभेत ठराव करा, आणि गच्चीच्या एखाद्या भागाची दुरुस्ती निघाली तर वाफे आठ दिवसांत हलवू, हे त्या ठरावातच लिहा. गच्ची सगळ्यांच्या मालकीची आहे आणि तिच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, त्यामुळे बाग न करणाऱ्यांचाही यात पैसा आहे.

बागेनंतरच्या गळतीचं कारण सहसा झाडांची मुळं नसतात. मेथी-पालकाची मुळं कोबा फोडत नाहीत. कारण असतं तुंबलेलं तोंड. पाचोळा वाहत जाऊन जाळीवर बसतो, पाणी तुंबतं, आणि पन्नास मिलिमीटर उंचीचं पाणी आठवडाभर उभं राहिलं की कोबा कुठून तरी वाट देतोच. प्रत्येक तोंडावर घुमटी जाळी बसवा, सपाट नको. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी ती हाताने साफ करायचं काम एका माणसाच्या नावावर ठेवा.

वाफे जमिनीला टेकवू नका. भंगारवाल्यांकडे जुने प्लॅस्टिकचे पॅलेट मिळतात, त्यांवर वाफा ठेवला की खालून हवा खेळते, झाडू जातो आणि ओल दिसते. पाच-सहा इंचांची ही पोकळी हा सगळ्या मांडणीतला सर्वांत स्वस्त विमा. पिंपळ, वड, उंबर यांची रोपं मात्र दिसताक्षणी मुळासकट काढा. ती कोबा फोडतात, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून ती येत राहणारच.

पहिल्या पावसाळ्यात वाफ्यांतून चहासारखं तपकिरी पाणी झिरपतं. ते घातक नसतं, पण गच्चीचं पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणाला जात असेल तर वाफ्यांकडची तोंडं त्या पाइपापासून वेगळी काढून घ्या.

पाचोळा

शहरात मातीशिवाय, पालापाचोळा कुजवून भाजी पिकवण्याची पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या गटातून ती अनेक वर्षं शिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पाला वापरून उभी केलेली बाग हे तिचं नावाजलेलं उदाहरण. या पद्धतीत झाड कुजलेल्या पानांच्या ‘ह्यूमस’वर वाढतं, माती नावापुरती असते. गच्चीसाठी म्हणूनच ती सोयीची: वजन निम्म्याहून कमी, पाणी जास्त धरते आणि कच्चा माल फुकट.

पुण्यात पानगळ जानेवारी ते मार्च. महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. पाचोळा जाळायला बंदी आहे आणि तो उचलणं त्यांनाही जड जातं, त्यामुळे गोण्या भरून द्यायला सहसा नकार येत नाही. वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, शिरीष यांची बारीक पानं सर्वांत चांगली, लवकर कुजतात. आंबा, फणस, जांभूळ, बदाम यांची पानं जाड. ती चुरडून घ्या, नाहीतर वर्षभर तशीच राहतात. निलगिरी आणि कण्हेर टाळा. रस्त्याच्या पाचोळ्यात गुटख्याच्या पुड्या, काचा, सुया असतात. हातमोजे घालून निवडल्याशिवाय एकही गोणी वापरू नका.

एक वाफा भरायला २० ते २५ गच्च गोण्या लागतात, कारण कुजल्यावर पाचोळा पाव ते एक तृतीयांश उरतो. कुजवण्याचं काम गच्चीवर करू नका, खाली आवारात करा. साडेतीन मीटर लांबीची वेल्डमेश जाळी गोल वळवली की मीटरभराहून थोडा जास्त व्यासाचा पिंजरा होतो, उंची चार फूट. असे चार पिंजरे पुरेत. त्याहून लहान ढीग तापत नाही, आणि तापला नाही तर तणाचं बी आणि रोगाची बुरशी मरत नाही.

थर लावायचा तो असा. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ एकत्र करून तीन दिवस झाकून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं. हे अमृतजल दहापट पाण्यात मिसळून त्यात पाचोळा भिजवायचा. वीतभर भिजवलेला पाचोळा, त्यावर बोटभर जुनं कंपोस्ट किंवा शेणखत, पुन्हा पाचोळा. पायाने दाबत वर यायचं. घरांतला ओला कचरा मिसळणार असाल तर एक बादली कचऱ्याला तीन बादल्या सुका पाचोळा, आणि कचरा कायम मध्यभागी, जाळीपासून हातभर आत. दर तीन आठवड्यांनी ढीग एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात उलटायचा. म्हणूनच चार पिंजरे असले तरी भरायचे तीनच.

ओल किती हवी हे मुठीत कळतं: मूठभर घेऊन पिळलं तर दोन-चार थेंब यायला हवेत. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. वास मारायला लागला तर आत हवा नाही, उलटा आणि कोरडा पाचोळा मिसळा. ढीग नुसताच पडून राहिला, तापला नाही, तर एकतर सुकलाय किंवा नत्र कमी आहे. शेणकाल्याची एक बादली ओता. काळपट वळवळणाऱ्या जाड अळ्या दिसतील, त्या सोल्जर फ्लाय या माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात, पिकाला काही करत नाहीत.

मेच्या अखेरीस पाचोळा काळा, भुसभुशीत झालेला असेल, देठ तेवढे ओळखू येतील. अर्धवट कुजलेला भरायची घाई करू नका. कच्चा पाचोळा कुजताना जिवाणू नत्र स्वतःकडे खेचतात आणि रोपं पिवळी पडून खुजी राहतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, मग वरून युरिया टाकला जातो आणि मावा ही कीड येते. मूळ दुखणं भरण्यातलं असतं.

वाफ्यात भरायचं मिश्रण, मापाने:

- कुजलेला पाचोळा ४ घमेली
- शेणखत किंवा पक्कं कंपोस्ट २ घमेली
- धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ घमेली
- लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा १ घमेलं
- निंबोळी पेंड, दर वाफ्याला पाव किलो

काळी माती घालू नका. ओली झाली की फुगते, चिकटते, सुकली की भेगाळते, आणि वाफ्याचा निचरा तिने बंद होतो. पुण्याच्या आसपास फुकट मिळते ती बहुतेक हीच. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर साठ-सत्तर लिटर होते. त्यात मीठ असतं, म्हणून दोन पाण्यांनी धुऊन पिळून घ्यायची. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळातलं चिपाड फुकट मिळालं तर ते आधी दोन-तीन महिने ढिगात कुजवा. ताजं चिपाड गोडीमुळे मुंग्या आणतं.

मिश्रण तयार झालं की दहा लिटरची बादली त्याने भरा, पाणी घाला, निथळू द्या आणि वजन करा. साडेसात किलोच्या आत हवं. नऊच्या वर गेलं तर माती जास्त झाली. साडेसात किलोच्या मिश्रणाने ८ × ३ फुटांचा वाफा २० सेंटिमीटर भरला तर एकूण वजन ३३५ किलो, म्हणजे चौरस मीटरला १५०. बीमवर ठेवायचा आग्रह यासाठीच. २० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरायचा मोह टाळा. पालेभाजी, मिरची, भेंडी तेवढ्यात व्यवस्थित येतात.

पहिल्या वर्षी सहाच वाफे. ते सहाही हिरवे राहिले तर पुढचे चार वाढवा.

ऊन आणि जागा

पालेभाजीला चार तास, फळभाजीला सहा तास थेट ऊन हवं. दक्षिणेच्या कठड्याला चिकटून वाफे लावू नका. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि एक मीटर उंच कठड्याची सावली जवळजवळ ९० सेंटिमीटर आत पडते. नेमका तोच पालेभाजीचा हंगाम. टाकीची सावली मार्च-एप्रिलमध्ये उपयोगी पडते, तिथे अळू, पुदिना, ओवा, कढीपत्ता ठेवा.

काय लावायचं

आधी अपेक्षा ठरवा. एक चौरस मीटर मेथी महिन्याभरात पाऊण ते एक किलो, म्हणजे चार-पाच जुड्या देते. दहा वाफे झाले आणि त्यातले सहा पालेभाजीचे ठेवले तर चाळीस दिवसांत साठ-पासष्ट जुड्या. ४४ घरांत वाटल्या तर घराला जेमतेम दीड. बारा घरांत वाटल्या तर पाच. कांदे-बटाटे, कोबी, फ्लॉवर यांत जागा घालवू नका, ते मंडईत चांगले आणि स्वस्त मिळतात. तोडल्यावर तासाभरात ज्यांची चव उतरते ते पिकवा: मेथी, पालक, कोथिंबीर, मिरची. आणि मंडईत सहज न मिळणारं पिकवा: चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा, मायाळू. चुक्याची ताजी भाजी एकदा घरोघरी गेली की बागेला विरोध करणारे निम्मे गप्प होतात.

पहिली पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाचा जोर ओसरल्यावर. जुलैच्या झडीत मेथी-कोथिंबीर कुजते, नवखे तिथेच नाउमेद होतात. मेथी चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम, ओळीत, ओळींत १० सेंटिमीटर. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, बारा तास भिजवा आणि मग पेरा. किराणा दुकानातले धणे जुने असतात, अर्धेही उगवत नाहीत. पालकाची पहिली काढणी तीस-पस्तीस दिवसांनी, दोन बोटं बुडखा ठेवून कापणी, मग दर पंधरा-वीस दिवसांनी अजून दोन-तीनदा. सगळे वाफे एकाच रविवारी पेरायचे नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी एक वाफा. नाहीतर नोव्हेंबरात एका आठवड्यात साठ जुड्या आणि पुढचा महिना रिकामा.

भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. शिरा पिवळ्या पडणारा विषाणुरोग या जातींवर कमी येतो. एका वाफ्यात एक-एक फुटावर लावा, पेरल्यापासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडणी, आणि तोडणी एक दिवसाआड. दोन दिवस विसरलं की जून होते आणि झाड पुढची फुलं कमी धरतं. मिरचीची रोपं प्रोट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये, पस्तीस-चाळीस दिवसांची करून वाफ्याला दहा. टोमॅटो आणि वांगी १५ × १५ इंची पिशवीत एकेक रोप. अशी भरलेली पिशवी तीस किलोच्या पुढे जाते, तीही बीमवरच. टोमॅटो ऑक्टोबरात लावा. मार्चनंतर रात्री गरम झाल्या की फुलं गळतात, कितीही खत घातलं तरी.

वेलवर्गीय भाज्या पावसाळ्यात: दोडका, कारलं, काकडी. मांडव टाकीच्या आडोशाला, कारण चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या वाऱ्याने उघडा मांडव उडतो आणि खाली माणसं चालत असतात. वेलींना फळ लागत नसेल तर उंचावर मधमाश्या कमी पोचतात हे कारण असतं. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. कारल्याचं फूल सकाळी, दोडका आणि दुधीचं संध्याकाळी उमलतं, वेळ चुकली तर उपयोग नाही. फळमाशीसाठी क्यू-ल्युर या गंधाचा एक सापळा पुरतो.

पाणी

हिवाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर, एप्रिल-मेमध्ये सात-आठ. सहा वाफ्यांना उन्हाळ्यात रोज शंभर लिटर. हे पाणी टँकरचं असेल तर उन्हाळ्यात फळभाजी घेऊ नका, तेवढं खरं.

ठिबक घेताना एक चूक सर्रास होते. दुकानदार दाब-नियंत्रित ड्रिपर देतो, त्यांना अर्धा ते एक बार दाब लागतो. गच्चीवरची टाकी वाफ्यांपेक्षा दोन-तीन मीटर उंच असते, म्हणजे दाब ०.२ ते ०.३ बार. ड्रिपर उघडतच नाहीत, मग पंप घ्यावा लागतो. साधे, दाब-नियंत्रण नसलेले ड्रिपर किंवा मायक्रोट्यूब घ्या, १६ मिलिमीटरची नळी, सुरुवातीला जाळीचा फिल्टर, आणि टाइमर शून्य दाबावर चालणारा आहे हे विचारून घ्या. फिल्टर दर आठवड्याला धुवायचा.

बोअरवेलचं पाणी जड असेल तर वरच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. ही लोहाची कमतरता, क्षारामुळे मुळांना लोह घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. मूळ उपाय पावसाचा: जुलै-ऑगस्टचा पाऊस वाफ्यांवर पडू द्या, क्षार धुऊन जातात.

वाफ्यांखाली, पिशव्यांखाली ताटल्या ठेवू नका. साठलेल्या चमचाभर पाण्यातही डेंग्यूचे डास वाढतात. पिंपांची तोंडं कापडाने बांधा.

कीड

बहुतेक वेळा निंबोळी अर्क आणि नजर एवढंच पुरतं. ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून दोन ग्रॅम साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यावर दर आठ दिवसांनी. पिवळे चिकट सापळे वाफ्याला एक. पिठ्या ढेकूण जुन्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार झाला तर झाड उपटून पिशवीत बंद करून टाका. वांग्याचा शेंडा सुकून मान टाकायला लागला की आत अळी आहे: चार बोटं खालून छाटा. ढिगात टाकू नका, अळी तिथे कोश करते. भेंडीचं पिवळ्या शिरांचं झाड वाचत नाही, पहिल्या दिवशीच उपटा.

खरी डोकेदुखी कबुतरांची. मेथी-पालकाचे कोंब ती एका सकाळीत फस्त करतात. चकाकणाऱ्या फिती आणि जुन्या सीडी आठवडाभर चालतात, मग सवय होते. बारीक पीव्हीसी पाइप किंवा जाड तारेच्या कमानी वाफ्यावर लावून जाळी ताणा, कडा वाफ्याखाली दाबून घ्या. ढिली जाळी पक्ष्यांचे पाय अडकवते, म्हणून ताणूनच बांधा.

माणसं आणि वाटणी

पहिल्या वर्षी घरागणिक वाफे वाटून देऊ नका. कुणी गावाला जातं, कुणाची परीक्षा असते, एक वाफा वाळतो, दुसऱ्यावर मावा येतो आणि तो सगळ्यांकडे पसरतो. वाफे सगळ्यांचे, वार माणसांचे. रोज दोन नावं, एक सकाळी, एक संध्याकाळी. जिन्याच्या दारामागे दोरीने वही बांधा: तारीख, कोणी पाणी घातलं, काय पेरलं, काय दिसलं. व्हॉट्सॲपवर हे लिहिलं तर वाहून जातं, आणि दोघांनी पाणी घातल्याने मुळं कुजतात. वरची सुकी दिसणारी माती फसवते, बोट पेरभर आत घालून पाहा, ओल लागली तर पाणी नको.

तोडणी फक्त रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. मिरची, कढीपत्ता, पुदिना यांना सूट. बाकी कुणीही मधेच तोडायचं नाही, समितीच्या अध्यक्षांनीसुद्धा. वाटणीचा नियम आधी लिहून काढा. चालणारा नियम असा: दोन तृतीयांश भाजी त्या महिन्यात वार सांभाळणाऱ्यांना समान, एक तृतीयांश उरलेल्या घरांना मजल्याप्रमाणे पाळीने. पाळीच्या भाजीचे मंडईच्या भावाने पैसे घ्या, ते बियाणं आणि जाळीला लागतात. फुकट वाटलं की काम करणारे दुखावतात, आणि सगळं काम करणाऱ्यांनीच घेतलं तर पुढच्या सभेत पाण्याच्या बिलाचा प्रश्न निघतो. गच्ची सगळ्यांची आहे हे वाटणीत दिसलं पाहिजे. मेमध्ये निम्म्या सोसायटीला कुलूप असतं. त्या महिन्याचं पाणी वॉचमनला वेगळे पैसे ठरवून सांगा, उपकार म्हणून नको.

मेमध्ये वाफे रिकामे करून त्यांवर चार बोटं कोरडा पाचोळा पसरा आणि तीन दिवसांनी एकदा शिंपडा, नाहीतर आतले गांडूळ मरतात. वाफा वर्षाला चार-पाच सेंटिमीटर बसतो, तेवढं नवं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड जूनमध्ये घाला. पहिल्या पावसावर ताग पेरा, वाफ्याला साठ-सत्तर ग्रॅम बी. पस्तीस-चाळीस दिवसांनी, फूल धरायच्या आत, तो कापून तिथेच मिसळा आणि तीन आठवडे झाकून ठेवा. पहिल्या वर्षीही नवे भरलेले वाफे हाच क्रम घेतात. मग सप्टेंबरात मेथी.